सासऱ्यांना भेट दिलेली टर्मिन

गेल्या वर्षी मे महिन्यात मी माझ्या सासऱ्यांना प्रोस्टेटची तपासणी भेट दिली.

जावई सासऱ्यांना शाल देतात, घड्याळ देतात, फार तर रक्तदाब मोजायचं मशीन देतात. मी तपासणी दिली. तीही माझ्या स्वतःच्या नावावर ठरलेली, कोरी करकरीत, एकदाही न वापरलेली! जर्मनीत राहणाऱ्यांना या त्यागाची किंमत सांगायला नको. इथे तज्ज्ञ डॉक्टरची टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, मिळेपर्यंत बारीकसारीक दुखणी आपसूक बरी होतात. हातची टर्मिन कुणी कुणाला देत नाही. मी दिली, आणि त्यामागे त्याग वगैरे काही नसून निव्वळ घाबरटपणा आहे हे माझ्या बायकोला त्याच क्षणी कळलं होतं.

त्याचं असं झालं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, कार्ल्सरूहेत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. इथे पंचेचाळिशीनंतर पुरुषांनी दर वर्षी प्रोस्टेट तपासून घ्यावं अशी सोय आहे. माझी बायको मुग्धा माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसापासून त्यासाठी मागे लागली होती. मी दर वेळी "जा, जा, गेनाऊ, करतो" म्हणायचो (चालढकल करायला जर्मन होकार फार बरे पडतात) आणि विषय बदलायचो. शेवटी तिनेच फोन करून माझी टर्मिन घेतली. तपासणीत नक्की काय करतात ते मी इंटरनेटवर वाचलं. त्यात एका हातमोज्याचा उल्लेख होता. त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं.

आणि मग देव पावला. पुण्याहून सासू-सासरे उन्हाळ्यासाठी आमच्याकडे राहायला आले.

सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. बहात्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उभी हयात कालव्यांत आणि धरणांत गेलेली. तर ते आल्या आल्या माझ्या लक्षात आलं की ते रात्री सारखे उठतात. ज्या माणसाने तीन तालुक्यांचं पाणी शिस्तीत सोडलं आणि शिस्तीत अडवलं, त्याला आता संडासाच्या वाटेवर पावलं मोजत जावं लागत होतं. मला त्यांची काळजी वाटली हे खरं आहे. पण काळजीच्या आधी क्षणभर आनंद झाला, हेही खरं आहे.

सकाळी पोह्यांच्या वेळी मी विषय काढला. म्हटलं, अण्णा, या वयात प्रोस्टेट दाखवून घ्यायला हवं, आणि योगायोगाने माझी टर्मिन सोमवारी आहे, ती तुम्ही घ्या. मुग्धाने ताटली ठेवता ठेवता विचारलं, "आणि तुझं काय?"

"अगं, पाहुण्याला आधी," मी म्हणालो.

आमच्या घरची रीतच आहे तशी. पहिली पोळी पाहुण्याच्या पानात, आंब्याची पहिली फोड पाहुण्याला. तोच संस्कार मी मूत्ररोगतज्ज्ञापर्यंत नेला. अण्णांना भरून आलं. असा जावई नशिबाने मिळतो, असं ते सासूबाईंना, म्हणजे माईंना, म्हणाले. मुग्धा एवढंच म्हणाली, "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला." मी तिकडे कानाडोळा केला, दवाखान्यात फोन करून नाव बदलून घेतलं आणि त्या दिवशी तीन वाट्या पोहे खाल्ले.

रविवारी अण्णा जरा गप्प होते. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीचं दडपण असणार. त्यांचं मन रमवावं म्हणून मी म्हटलं, चला, सायकलवरून ऱ्हाइनच्या काठाने चक्कर मारून येऊ. कार्ल्सरूहे सपाट गाव, सायकलींना वेगळे रस्ते, त्यात हवा सुरेख. अण्णा कॉलेजनंतर सायकलवर बसले नव्हते. त्यांना मी माझी जुनी शर्यतीची सायकल दिली. तिची सीट म्हणजे एक अरुंद, टणक फळी, वर कातडं असल्याचा नुसता आव. मी स्वतः मुग्धाची रुंद, मऊ सीटची घेतली (माझी कंबर नाजूक आहे). अण्णांना जो काही जोर चढला! नदी दिसल्यावर तर त्यांना आवरता येईना. पाण्याचा वेग बघ, काठाची बांधणी बघ, पुढचा बंधारा बघ, असं करत करत आम्ही फ्रान्सच्या हद्दीजवळ पोचलो. तिथे कॉफी प्यायलो आणि तितकंच अंतर परत आलो. संध्याकाळी अण्णा दोन उशा घेऊन बसले होते, पण चेहऱ्यावर तुकतुकी होती. मला वाटलं, आपण किती गुणी जावई आहोत.

सोमवारी आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणजे एक बाई निघाल्या. तरुण, उंच, हसऱ्या. अण्णांनी उठून नमस्कार केला. त्या इंग्रजीत म्हणाल्या, आपण इंग्रजीत बोलू या का? आता अण्णांचं इंग्रजी खणखणीत आहे. जागतिक बँकेच्या लोकांशी त्यांनी त्या भाषेत भांडणं केली आहेत. तेव्हा 'हो' म्हणून मी गप्प बसायला हवं होतं. पण चौदा वर्षं जर्मनीत काढूनही माझं जर्मन पावाच्या दुकानापलीकडे सासऱ्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ही संधी होती. मी ऐटीत जर्मनमध्ये म्हणालो, काही गरज नाही, फ्राऊ डॉक्टर, मी आहे ना.

पहिले प्रश्न सोपे होते. रात्री किती वेळा उठतात, धार कशी आहे, जळजळ होते का. हेसुद्धा सासऱ्यांना विचारताना मला घाम फुटला, पण निभावलं. मग बाई म्हणाल्या की पुढे कधी उपचारांची वेळ आली तर त्यांचा परिणाम वैवाहिक जीवनावर होऊ शकतो, म्हणून आत्ताची स्थिती नोंदवून ठेवतो. तर त्या बाबतीत काही अडचण? किती वेळा? त्या हे इतक्या सहज विचारत होत्या, की भाजीवाल्याने 'कोथिंबीर देऊ का' म्हणावं!

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे विश्वासाने पाहिलं. ज्या माणसासमोर मी आजही पाय दुमडून बसतो, ज्यांच्या मुलीशी माझं लग्न झालंय, त्यांना मी हे विचारू? मी मराठीत विचारलं, "अण्णा, बाई विचारतायत, व्यायाम वगैरे कसा चालतो?"

अण्णा खुलले. "रोज. अगदी पहाटे. एक दिवस चुकवत नाही."

उत्तर मात्र मी इमानदारीत जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. का सांगितलं ते मला आजही कळलेलं नाही, भीतीने डोकं बंद पडलं असावं. बाईंची भुवई वर गेली. त्यांनी लिहून घेतलं आणि अण्णांकडे जरा आदराने पाहिलं. अण्णांना वाटलं, विषय आवडलेला दिसतोय. ते पुढे म्हणाले, "चार-पाच मित्र असतात बरोबर. एकट्याला कंटाळा येतो."

हे मी सांगितलं नाही.

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं. मी म्हणालो, हवा छान आहे म्हणतात. आता माझ्या पाचावर धारण बसली होती. त्यात बाईंनी पुढचा प्रश्न टाकला. आज रक्ताची पीएसए चाचणी करायची आहे, तर गेल्या दोन दिवसांत पत्नीशी जवळीक किंवा सायकल चालवणं, यातलं काही झालंय का? हे दोन्ही त्यांनी एकाच वाक्यात विचारलं. मला त्यातलं पहिलंच ऐकू आलं. आधीची 'रोज पहाटे'ची नोंद कशीतरी पुसायला हवी होती, त्यामुळे मी दोन्ही हात हलवून म्हणालो, "नाइन, नाइन! काही नाही, अजिबात काही नाही. ते माझ्या घरी पाहुणे आहेत."

"एवढा वेळ त्या काय बोलल्या?" अण्णांनी विचारलं.

"नाश्ता केलाय का म्हणून विचारत होत्या," मी म्हणालो. "जर्मनमध्ये त्याला बरेच शब्द लागतात."

मग रक्त घेतलं. पुढची तपासणी पडद्याआड झाली. मी बाहेर उभा राहून भिंतीवरच्या मूत्रपिंडांच्या चित्राचा अभ्यास करत होतो. अण्णा शर्ट खोचत बाहेर आले आणि म्हणाले, त्यात काही विशेष नाही, लोक उगाच घाबरतात. मी मान डोलावली.

गुरुवारी दवाखान्यातून फोन आला. आकडा बराच वाढलेला होता. याचा अर्थ कॅन्सरच असं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही, येऊन बोला, असा निरोप होता. फोन ठेवल्यावर मुग्धा स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की मी कौतुकाने वाटलेली वस्तू काय होती.

मुग्धाने फक्त तिच्या भावाला सांगितलं, आणि तेही 'कुणाला बोलू नकोस' असं बजावून. संध्याकाळपर्यंत सगळ्या खानदानाला कळलेलं होतं. ग्रुपवर औषधांचा पाऊस पडला. भोपळ्याच्या बिया खा. गोखरूचा काढा घ्या. दूध बंद करा. दूध वाढवा. एका मावसभावाने लिहिलं, विचार कसला करताय, कापून काढून टाका आणि मोकळे व्हा (हा इस्टेट एजंट आहे, सगळ्याच बाबतीत त्याचं हेच मत असतं). मी मागे कसा राहीन? इंटरनेटवर टोमॅटोबद्दल काहीबाही वाचून मी बाजारातून दोन पेट्या टोमॅटो आणले. टोमॅटोचं सार, टोमॅटोची कोशिंबीर, टोमॅटोचं भरीत, टोमॅटोचं ऑम्लेट. आमची चौदा वर्षांची रेवा मराठी सगळं समजते पण बोलते जर्मन. तिसऱ्या दिवशी ती ताटाकडे बघून म्हणाली, "शोन वीडर टोमाटन?" परत टोमॅटोच का, हे मला जर्मन न येताही समजलं असतं.

आणि त्याच वाचनात मला ती ओळ दिसली. चाचणीच्या आधी फार सायकल चालवली तर पीएसए वाढू शकतं. मी खुर्चीतून उठलो. ती अरुंद फळी, ते फ्रान्स, ते माझं 'नाइन, नाइन'! सगळं डोळ्यांपुढून गेलं. धावत बाल्कनीत गेलो. अण्णा तिथे शतावरी सोलत बसले होते. पांढऱ्या शतावरीचा इथे मोसम असतो, आणि पाहुण्याने काम मागितलं की ती सोलायला देतात. मी म्हटलं, अण्णा, कदाचित सायकलमुळे असेल हो. ते हसले आणि म्हणाले, काल तुम्ही टोमॅटो म्हणत होतात. माझ्या शब्दाला त्या घरात आता तेवढीच किंमत उरली होती.

"प्रसादराव," थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी ठरवलंय. पुण्याला जाऊन ऑपरेशन करून टाकतो. तिकीट अलीकडचं करून द्या."

मी म्हणालो, अहो, एवढ्यात कशाला?

"आमच्या फिरायच्या ग्रुपमध्ये दामले आहेत. त्यांचं ऑपरेशन झालं, ठणठणीत बरे झाले. पण लघवीवर ताबा राहिला नाही. फिरायला यायचे बंद झाले, नाटकाला यायचे बंद झाले. आता आम्ही घरी गेलो तरी दार उघडून उभ्याउभ्याच बोलतात." त्यांनी सोललेली शतावरी ओळीत लावली. "काढलं तर तसं होईल म्हणून भीती वाटते. नाही काढलं तर ते पसरेल म्हणून वाटते. माईंना यातलं काही सांगू नका."

 मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. उद्या डॉक्टरांकडे जायचंच होतं. मी ठरवलं, की बाईंना हळूच, जर्मनमध्ये, फक्त सायकलीपुरतं खरं सांगून टाकायचं. तो दुसरा विषय काढायचाच नाही. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

पण सकाळी माई साडी नेसून दारात उभ्या. "मी पण येणार," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माई, तिथे फार वेळ बसावं लागतं. माईंनी चपला घातल्या. मी म्हटलं, आत दोघांनाच सोडतात. माई जिना उतरायला लागल्या.

माईंबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्या विषयात एक धडा असा असतो, की बाकीचे शिक्षक तो 'घरी वाचा' म्हणून सोडून देतात. माई तो आकृत्या काढून शिकवायच्या आणि वर प्रश्न विचारायच्या.

डॉक्टर बाईंनी आम्हाला तिघांना बसवलं आणि जर्मनमध्ये समजावायला सुरुवात केली, मी वाक्यावाक्याला मराठी करत होतो. आल्झो, म्हणजे 'तर मग', आकडा वाढलाय, पुढे एमआरआय करावा लागेल, त्यात काही दिसलं तर तुकडा काढून तपासावा लागेल. मी योग्य जागा शोधत होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, आकडा चढायला दुसरं काही कारणही दिसत नाही, कारण मागच्या वेळी तुम्ही तसं स्पष्ट सांगितलं होतं. हेही मी भाषांतराच्या ओघात मराठीत बोलून गेलो.

"काय सांगितलं होतं?" माईंनी मला विचारलं.

"ते... साधारण सगळं," मी म्हणालो.

माईंनी माझ्याकडे पाहिलं. कॉपी करणाऱ्या मुलीकडे असंच पाहत असणार. मग त्या सरळ डॉक्टरांकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, की मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. डॉक्टरांना उलट बरं वाटलं. त्यांचं इंग्रजी माझ्या जर्मनपेक्षा शंभर पटीने चांगलं होतं. त्यांनी मागचे सगळे प्रश्न पुन्हा विचारायला घेतले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

सायकल? माई म्हणाल्या, "हो तर. आदल्याच दिवशी. दिवसभर. हे घेऊन गेले होते." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आणि दुसरं?

माई अण्णांकडे वळल्या आणि मराठीत शांतपणे म्हणाल्या, "अहो, शनिवारी की रविवारी?"

"रविवारी," अण्णा म्हणाले. "सायकलला जायच्या आधी."

भिंतीवरच्या चित्रात दोन मूत्रपिंडं असतात. डावं जरा वर असतं. हे मी त्या दिवशी अतिशय बारकाईने पाहिलं.

"रविवारी सकाळी," माईंनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी मागच्या नोंदी काढल्या. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. त्या म्हणाल्या, पण इथे तर लिहिलंय रोज, अगदी पहाटे, एकही दिवस न चुकवता.

माईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा गडबडले. "अगं, ते फिरायला जायचं! मला यांनी व्यायामाचं विचारलं होतं."

मग तिघेही माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, मला लाज वाटली. ध चा मा केला. तुम्ही सासरे, मी कसं विचारणार? डॉक्टर बाई आधी हसल्या नाहीत, पण माई पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की मग बाईंनाही राहवेना. फक्त अण्णा हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः विचारलं, "डॉक्टर, म्हणजे माझं ऑपरेशन नको का? मला खरं सांगा. माझ्या एका मित्राचं झालं आणि त्याचं बाहेर पडणंच संपलं. मला त्याची फार भीती वाटते."

माईंचं हसू थांबलं. त्यांनी अण्णांचा हात धरला. इतके दिवस हे एकट्याने पोटात ठेवलं होतंत का, असं त्या काहीतरी पुटपुटल्या.

डॉक्टरांनी घाई केली नाही. त्या म्हणाल्या, एका आकड्यावरून कुणी कुणाला कापत नाही. आधी काही आठवडे थांबू आणि पुन्हा रक्त तपासू. त्याआधी दोन दिवस सायकल नाही आणि दुसरंही नाही. तरीही आकडा वरच राहिला तर एमआरआय. आणि समजा कॅन्सर निघालाच, तरी तो पुष्कळदा इतका सावकाश वाढतो की नुसती नियमित नजर ठेवूनही भागतं. ऑपरेशनने किंवा किरणांनी जीव वाचतात, पण लघवीचा आणि संसाराचा त्रास मागे राहू शकतो, म्हणून ज्याला खरंच गरज आहे त्यानेच तिकडे जायचं. मित्रासारखं तुमचं होणारच नाही असं वचन त्या देणार नव्हत्या. पण आज तरी तसलं काहीही समोर नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. टोमॅटोंबद्दल मी विचारलं. टोमॅटो खाऊन हमखास टळेल असं काही नाही, वजन आटोक्यात ठेवा, चाला-फिरा, सिगरेट ओढू नका, असं म्हणून त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

ते मधले आठवडे कठीण गेले. हसलो होतो खरे, पण उत्तर अजून आलेलं नव्हतं. अण्णा पेपर उघडून तेच पान वाचत बसायचे. चाचणीच्या दोन दिवस आधी माईंनी सायकलीच्या कुलपाची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. बाकीचा बंदोबस्त त्यांनी कसा केला ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी आकडा खाली आला. अगदी तळाला नाही, पण वयाला शोभेल असा. पुढच्या वर्षी पुण्यात परत बघा, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि तो पुन्हा ओला झाला. मुग्धा या वेळी रजा टाकून आली होती. तिने बापाच्या गळ्यात हात टाकले आणि लहान मुलीसारखी रडली. माझेही डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, सुटलो.

तर तसं नव्हतं. डॉक्टर बाईंनी कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, मूळ टर्मिन कुणाची होती? मुग्धाने डोळे पुसता पुसता माझ्याकडे बोट केलं. माझी टर्मिन तिथल्या तिथे लागली. जर्मनीतल्या डॉक्टरकडे एवढ्या झटपट वेळ मिळू शकते, हे मला त्या दिवशी समजलं.

"मी येतो बरोबर," अण्णा म्हणाले. "तुम्ही माझ्या वेळी आला होतात." मी जीव तोडून नाही म्हटलं, पण अण्णांना उपकार फेडल्याशिवाय झोप लागत नाही.

आणि मग तो दिवस. डावीकडे मी, उजवीकडे माझ्या बायकोचे वडील. डॉक्टर बाई म्हणाल्या, आज आपण इंग्रजीत बोलू, म्हणजे कुणाचा गैरसमज व्हायला नको. त्यांनी पेन उघडलं आणि तोच प्रश्न विचारला. गेल्या दोन दिवसांत सायकल?

नाही, मी म्हणालो.

आणि पत्नीशी जवळीक?

अण्णांनी ताबडतोब छताकडे बघायला सुरुवात केली. मी म्हणालो, नाही.

बाईंनी खात्री करायला विचारलं, आठवड्याभरात? महिन्यात? मी दोन्हींना मान हलवली. बहात्तर वर्षांच्या माणसाला याच खुर्चीत दोन्ही प्रश्नांना 'हो' म्हणता आलं होतं. माझी सगळी उत्तरं 'नाही' होती, आणि या वेळी मी एक अक्षरही खोटं बोलत नव्हतो.

"उत्तम," डॉक्टर बाई समाधानाने लिहून घेत म्हणाल्या. "तुमचा आकडा अगदी विश्वासार्ह येणार."

अण्णांनी छतावरची नजर काढली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाले, "प्रसादराव, व्यायाम सुरू करा."